विमानातून दिसलेला बांध

विमानात बसायचंच असेल तर आमच्या प्रशांतबरोबर खुशाल बसा, फक्त त्याच्या वडिलांना खाली ठेवा! प्रशांत द्राक्षबागायतदार, हौसेनं स्वतःचं छोटं विमान उडवतो. परवा पुढे त्याच्या शेजारी त्याचे वडील अण्णा, मागे मी. वणीच्या गडाकडे चक्कर मारून नाशिकला उतरायला लागलो, तर धावपट्टीच्या अलीकडेच यांचं शेत.

अण्णा काचेला नाक लावून ओरडले, “पश्या, खाली बघ! तुझ्या चुलत्यानं बांध कोरला!”

“कुठं?” म्हणत पश्याही वाकला.

“आंब्यापासून पार विहिरीपर्यंत!”

तेवढ्यात पुढे काहीतरी कर्कश वाजायला लागलं. मी विचारलं, “हे काय वाजतंय रे?”

प्रशांत दचकला. “आयला, चाकं बाहेर काढायची राहिली!” आणि त्यानं विमान तसंच परत वर उचललं.

अण्णा म्हणाले, “बरं झालं. आता पलीकडनं बघू.”

दुसऱ्या फेरीत नीट उतरलो. जमिनीवर पाय टेकताच मी भडकलो, “अहो अण्णा, आत्ता तिघंही मेलो असतो!”

“तेच म्हणतो मी,” अण्णा म्हणाले. “आपण मेलो असतो, तर त्यानं उरलेला बांधपण कोरला असता!”