छपरावरून आलेले आकडे

वादळ ओसरल्यावर सान हुआन शहरातल्या बेकरीपुढे रांग लागली होती. नेरेइदाच्या पुढे दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

“ओब्दुलिया, गावाकडे तुझ्या बाबांना फोन लागला का गं?”

“कुठला! मोबाईलचा टॉवरच आडवा झालाय, घरची इंटरनेटची तार तेवढी वाचलीय. पण त्यांच्या छपरावरच्या हवामानयंत्राचे आकडे आज इंटरनेटवर परत दिसायला लागले!”

“यंत्र वाचलं गं, पण बाबा?”

“अगं, ते त्यांच्या कॉम्प्युटरला जोडलंय. वीज गेली की कॉम्प्युटर बंद पडतो, आणि वीज परत आली तरी बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही. घरात त्यांच्याशिवाय आहे कोण बटण दाबायला?”

“अगं बाई! मग आता रडतेस कशाला, वेडे?”

“तिथे वारा अगदी मंद आहे गं.”

रांग पुढे सरकली, तरी त्यांचं बोलणं ऐकण्यात गुंतलेली नेरेइदा जागच्या जागीच उभी राहिली.