बिनविरोध ब्रेक

(नळदुर्गच्या अलीकडं, वस्तीवरचा उतार. वैशाखातली दुपार. साखर कारखान्याचे चेअरमन नानासाहेब यांची नवीकोरी मोटार पुतळाबाईच्या दारातल्या रांजणाला जाऊन भिडली आहे. रांजण फुटला, मोटारीला ओरखडासुद्धा नाही; आणि पुतळाबाईला राग आला आहे तो नेमका याचाच.)

पुतळाबाई : थांबली म्हणं! अवो नानासाहेब, ती थांबली न्हाय, माज्या रांजणानं तिला थांबवली.

नानासाहेब : पुतळाबाई, वस्तुस्थिती समजून घ्या. या गाडीला जे ब्रेक आहेत, ते अख्ख्या जिल्ह्यात कुणाच्या गाडीला नाहीत.

पुतळाबाई : जिल्ह्याचं नशीब थोर म्हणायचं.

नानासाहेब : आमच्या पुतण्यानं मुंबईत शर्यतीच्या मोटारी पाहिल्या. चाकात लोखंडी थाळी असते, ब्रेक त्या थाळीला चिमटा घेतो. थाळीला भोकं पाडली की ब्रेक दुप्पट लागतो.

पुतळाबाई : भोकं? ती कशापायी?

नानासाहेब : पावसात थाळीवर पाणी येतं. ते भोकांतनं निघून जातं.

पुतळाबाई : पावसात.

नानासाहेब : हो, पावसात.

पुतळाबाई : शिवप्पा, तू डायवर माणूस, गावोगाव फिरतुस. कुठं गाठ पडली का रं पावसाची?

शिवप्पा : न्हाय, आक्का. मागं तुळजापूरच्या घाटात एक ढग आडवा आला हुता. म्या हॉर्न दिला, तर वाट सोडून कर्नाटकात गेला. तवापासनं त्याची खबर न्हाय.

पुतळाबाई : ऐका! तीन सालं झाली, माणसाच्या नरड्याला पाणी न्हाय, आन् तुमी ब्रेकातलं पाणी काढाय भोकं पाडलीसा. तळ्याला भोकं, टँकरला भोकं, एक ब्रेक तेवढा धड ऱ्हायला हुता.

नानासाहेब : तळ्याचा विषय इथं काढू नका. तो पाझर तलाव आहे. पाझरायलाच बांधलाय.

पुतळाबाई : पाझरतुया की. तुमच्याच उसात.

नानासाहेब : मुद्दा ब्रेकचा चाललाय! आणि नुसतं पाणी नाही. भोकांतनं वारं खेळतं, थाळी गार राहते.

पुतळाबाई : तव्याला भोकं पाडून तवा गार ऱ्हातो व्हय? भाकर तेवढी चुलीत पडंल.

शिवप्पा : तवा कुठला, आक्का, चाळणी म्हणा. साहेब वर्कशॉपात म्हणले, 'थाळीला चाळणीवानी भोकं पाडा.' हुकूम म्हंजे हुकूम. गड्यांनी उसाच्या रसाच्या चाळणीचा साचा काढला आन् तंतोतंत चाळणी करून दिली. आता हिच्यातनं रस गाळून घ्या, काकवी गाळून घ्या. ब्रेक तेवढा मागू नका.

नानासाहेब : शिवप्पा, तू गप चाक बघ!

शिवप्पा : आत्ताच काढलं, साहेब. थाळीला ह्या भोकापासनं त्या भोकापतुर तडा गेलाय.

पुतळाबाई : ते ऱ्हाऊ दे. एवढा रुंद रस्ता सोडून गाडी माज्याच दारात कशी वळली, ते सांग.

शिवप्पा : ते मंडळाला इचारा.

पुतळाबाई : कुठल्या मंडळाला? भजनी?

नानासाहेब : त्याची इथं काही गरज नाही.

शिवप्पा : संचालक मंडळाला, आक्का. पुतण्या म्हणला, भोकंच पायजेत. व्हाइस चेअरमनचा मेव्हणा म्हणला, भोकं नगंत, थाळीला चिरा पाडा. चिरातनं ब्रेक घासल्याली भुकटी झडती, ब्रेक घट धरतो. झालं! पडले दोन गट. एक भोकांचा, एक चिरांचा. गाडी कारखान्याची, मग बैठक आली, चिवडा आला, ठराव आला. मिटलं कसं, म्हाइताय? डाव्या चाकाला भोकं, उजव्याला चिरा. बिनविरोध!

पुतळाबाई : आगं बया, बया!

शिवप्पा : तवापासनं ब्रेक दाबला की गाडी चिरावाल्यांच्या गटात जाती.

पुतळाबाई : आन् त्या गटात माजा रांजण निघाला.

नानासाहेब : हसण्यावारी नेऊ नका. नळदुर्गात मंत्रीसाहेब येऊन बसले असतील. दुष्काळ निवारणाची सभा आहे. शिवप्पा, कुणी विचारलं तर सांगायचं, मला डुलकी लागली होती.

शिवप्पा : ह्या ब्रेकावर? साहेब, घाट उतरताना म्या पापणीसुदीक पाडली न्हाय, आन् डुलकी?

पुतळाबाई : त्याच्यावर ढकलू नका. माज्या पाण्याचं बोला. टँकर येणार परवा. घरात लेकरं, गोठ्यात म्हस. रांजणाच्या बुडाच्या खापरात उरलंय तेवढंच पाणी. ते म्या म्हशीला ठेवलंय. लेकरांला शेजारीण तरी घोटभर दील, म्हशीला कोण दील?

नानासाहेब : उद्या सकाळी दारात टँकर उभा करतो. माझा शब्द.

पुतळाबाई : त्यो बी वर्कशॉपात जाऊन आला आसंल. भोकं पाडून.

नानासाहेब : तोंड सांभाळा! चार माणसांसमोर पुन्हा सांगतो, दोष ब्रेकचा नाही. भोकांमुळं थाळी गार राहते, म्हणजे राहते.

पुतळाबाई : गार हाय म्हणता?

नानासाहेब : गार.

पुतळाबाई : मग लावा की हात.

शिवप्पा : साहेब, नगा. आत्ता घाट उतरून...

नानासाहेब : सर बाजूला! बघा, पुतळाबाई. हा लावला हात... आई गं! मेलो, मेलो! पाणी! शिवप्पा, पाणी आण!

शिवप्पा : कुठनं, साहेब?

नानासाहेब : अरे, कुठूनही आण!

शिवप्पा : हुतं इथंच. आपुन आत्ता ते रस्त्याला पाजलं.

पुतळाबाई : बस रं, नगं पळू. नानासाहेब, बसा खाली. हात आणा हिकडं. ह्या खापरात घाला. बोटं नगं, सारा पंजा बुडवा.

नानासाहेब : पण हे तर तुमच्या...

पुतळाबाई : बोलू नका. निवलं का?

नानासाहेब : निवलं... थोडं निवलं.

पुतळाबाई : मग बेतानं काढा हात, झटकू नका. म्हस कवाची वाट बघतीया.