कच्च्या करवंदांचा चौथा हिस्सा

मानोऱ्याच्या बसस्थानकावर माझ्या शेजारी एक सासू आणि तिची सून बसल्या होत्या. पायाशी खोक्यात करवंदाच्या जामच्या चौदा बरण्या होत्या.

"वैष्णवी, मागच्या सालासारखा पातळ झाला असंन त आताच सांग. बचत गटाच्या बाया अजून मले सरबतवाली म्हन्तात."

"यंदा नाई होनार, आत्याबाई."

"कायच्या भरवशावर म्हन्तं?"

"तुमी कच्चे करवंदं बकरीपुढं टाकले होते ना? तेच मीनं उचलले."

"चिकाचे? आंबट ढाण? जाममदी?"

"धुऊन टाकले, चौथा हिस्सा. निस्त्या पिकलेल्याचा जाम घट्ट होत नाई."

"अन् हे मले स्टॉल लावाच्या दिवशी सांगतं?"

"आधी सांगतलं असतं त टाकू देलं असतं काय?"

"नसतं देलं."

"म्हनून."

"बरं. काढ एक बरणी. कर उलटी."

"इथं? सांडला म्हंजे?"

"सांडला त वाशिमले जातच नाई. वापस घरी. कर!"

वैष्णवीनं झाकण काढून बरणी उलटी धरली. मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं दहा सेकंदांत एक थेंबही पडला नाही.