चौथं वर्ष कुठं गेलं?

एम.कॉम.ला असताना मी एक अख्खं वर्ष गिळलं होतं, ऐका. तेव्हा कॅल्क्युलेटर कुठला? अमुक वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आज किंमत किती, याचा तक्ता लायब्ररीतल्या एकुलत्या एका पुस्तकात होता. तो मी कार्बन लावून उतरवला आणि वर्गात वाटला.

सरांनी मार्कांचं गणित घरी दिलं: गिरणीनं नवे माग घ्यावेत का? सगळ्या वर्गानं लिहिलं, घेऊ नयेत. वळसंगच्या शिवलिंगनं मात्र लायब्ररीत बसून गणित सोडवलं आणि लिहिलं, घ्यावेत. सरांनी त्याला भोपळा दिला.

तो पुस्तक घेऊनच आला आणि सरांच्या हातातला तक्ता बघून म्हणाला, "सर, तुमच्या तक्त्यात चौथं वर्षच न्हाय की! तितं पाचव्याचा आकडा हाय, म्हणून नफा कमी दिसतोय."

सर एकदा पुस्तकात बघत, एकदा हातातल्या कागदात. कागदावर अक्षर माझं! तो सरांकडं कसा पोचला, मला अजून कळलेलं नाही.

"अख्खा वर्ग चुकेल का?" सर म्हणाले. "पुस्तक छापणाऱ्यानंच घोळ केलाय." आणि नेमके माझ्याकडं वळले. "काय रे, तुला काय वाटतं?"

"व्हय सर," मी म्हटलं, "छापणाऱ्याचाच घोळ हाय."