नेर्मिनमावशीची जेझेरिये

शर्वरी : तूप घातलंस? आई, खरं सांग. मी अक्रोड भाजायला वळले, तेवढ्यात?

आई : एकच चमचा. आणि चिमूटभर वेलची. हात गेला गं. गाजर आटताना दिसलं की पुढचं हातच ठरवतो.

शर्वरी : हा गाजराचा हलवा नाहीये. जेझेरिये आहे, तुर्की वडी. गाजर, साखर, लिंबाचे थेंब, अक्रोड, वरून खोबरं, बास. नेर्मिनमावशी म्हणायची ना, तुम्ही लोक सगळ्याला तूप लावता, एक दिवस सायकललाही लावाल.

आई : म्हणायची. आणि जाताना वाटीभर तूप घेऊन जायची. एका चमच्यानं असं काय बिघडलं?

शर्वरी : मिश्रणानं कढईच्या कडा सोडल्या की वडी झाली, एवढीच खूण असते. तुझ्या तुपानं त्या आत्ताच सुटायला लागल्यात. वरून झाली आणि आतून कच्ची. आता मला कसं कळणार कधी उतरवायची ते?

आई : तुला येतं म्हणालीस ना. ओरहानकाकांसमोर केवढी ऐट. मावशीच्या चाळिसाव्याला वडी मी करते, अगदी तिच्यासारखी. मशिदीतल्या बायका वळून बघायला लागल्या.

शर्वरी : मग काय करू? काका म्हणत होते, आता करणारीच गेली, दुकानातून आणू. आणि ते सांगताना त्यांना धड बोलताही येत नव्हतं. येतंच मला. किसण्यापासून सगळं येतं. फक्त शेवट नाही बघितला.

आई : म्हणजे?

शर्वरी : शेवटची पंधरा मिनिटं ती मला घरी पिटाळायची. म्हणायची, आता बोलायचं नसतं आणि तुझं तोंड बंद राहत नाही. झाली की भिंतीवर ठोकायची, ह्याच भिंतीवर, तीनदा. मग मी पळत जायची चमचा चाटायला.

आई : छान. आणि हे आत्ता सांगतेस. सहाला वीस माणसं येतील शेजारी. काकांची मुलगी सकाळी डीमनहून आली तेव्हा सांगत होती, बाबा चाळीस दिवस नुसत्या चहा-पावावर आहेत. आज शर्वरीच्या हातचं खाईन एवढंच म्हणालेत.

शर्वरी : माहितेय मला. म्हणून तर हात थांबवत नाहीये.

आई : दे इकडे. खांदा भरून आला असेल.

शर्वरी : नको. काकांची सायकल दिसते का बघ ना बाहेर.

आई : धुक्यात कालवासुद्धा दिसत नाहीये. नाही, सायकल नाही. सगळे कबरस्तानात गेलेत, मघाशीच मेसेज आला, धुक्यामुळे रस्त्यात अडकलेत म्हणून. शेजारी कुणी नाही. का गं?

शर्वरी : मग तिकडे ढवळतंय कोण?

आई : तुझ्याच चमच्याचा आवाज आहे तो. आल्मेरमधल्या ह्या डच घरांच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा.

शर्वरी : बरं. मी थांबते. आता ऐक.

आई : ढवळ.

शर्वरी : ऐकलंस ना?

आई : ढवळ म्हटलं ना, खाली लागेल.

शर्वरी : ती माझ्यापेक्षा सावकाश ढवळतेय. मी उगाच घाई करत होते. थांब, तिच्याबरोबर जमवून बघते.

आई : शर्वरी, मला हे आवडत नाहीये. मी शेगडी बंद करते.

शर्वरी : पाच मिनिटं दे. आत्ता काढली तर लगदा होईल, काका एक घास घेऊन बशी बाजूला सारतील. बघ, रंग बदलला. विटेसारखा. तिची अशीच दिसायची. आता मी बोलत नाही.

(भिंतीपलीकडून तीन ठोके.)

शर्वरी : झाली.

आई : उतरव. अक्रोड घाल. ताटात ओत आणि थाप पटकन.

शर्वरी : आई, बोट लावून बघ. पसरत नाहीये. चिकट आहे पण हाताला लागत नाही. तुपाचं काही कळतसुद्धा नाही. काका खातील.

आई : खातील. चल, आपण बाहेरच्या खोलीत बसू.

शर्वरी : ती अजून ठोकतेय.

आई : ऐकतेय मी.

शर्वरी : मी उत्तर देईपर्यंत थांबायची नाही ती. मी इकडून दोनदा ठोकायची, म्हणजे आले, निघाले. नाहीतर तिला वाटायचं मला ऐकूच गेलं नाही.

आई : हात खाली घे.

शर्वरी : वाट बघतेय ती.

आई : बघू दे. तू तिकडे जायचं नाहीस. आणि येते असं कबूलही करायचं नाहीस.

शर्वरी : मग काय करू? मला सगळं तिनं शिकवलं. आजचं पण तिनंच केलं. असं गप्प बसून राहायचं?

आई : परीक्षेच्या दिवसांत ती तुला बोलवायची आणि मी सोडायचे नाही, तेव्हा काय सांगायचीस?

शर्वरी : आई नाही म्हणते.

आई : तेच सांग. तिला ऐकू जाईल असं.

शर्वरी : नेर्मिनमावशी, छान झालीये. पहिली वडी काकांनाच देईन, माझ्या हातानं. पण मी नाही येत. आई नाही म्हणते.

आई : आता बोलू नकोस.

शर्वरी : थांबलं.

आई : हो.

शर्वरी : आई, माझा हात सोड ना. खोबरं काढायचंय वरून घालायला.

आई : काढू. राहू दे जरा वेळ.