भरलेल्या स्टेडियमची चाचणी

मंडळी, एवढ्या उन्हाचे आलात. हॉल भरला आहे, दारातही माणसं उभी आहेत. मला भाषण येत नाही. आणि आज जे बोलायचं आहे, ते तुम्हाला आवडणार नाही.

मी प्रज्ञाताईचा लहान भाऊ. आंजीला शेती करतो. ताई पिपरीत खोली घेऊन राहायची आणि तुमच्या या विद्यापीठात नेटवर्क इंजिनिअर होती. तुमच्या स्टेडियमचं वायफाय तिनं उभं केलं.

रिकाम्या स्टेडियममध्ये कोणाचंही वायफाय चालतं, असं ती म्हणायची. माणसं भरली की खरं कळतं. मला तिनं घरी समजावलं होतं. एका मांडवात चार भोंगे जोरात लावले तर कोणालाच काही ऐकू येत नाही. म्हणून तिनं खांबावर मोठी यंत्रं लावलीच नाहीत. खुर्च्यांखाली छोटी छोटी बसवली आणि प्रत्येकाचा जोर कमी ठेवला. ज्यानं त्यानं आपल्या आजूबाजूची माणसं सांभाळायची.

स्पर्धेआधी भरलेल्या स्टेडियमची चाचणी हवी होती. तिनं सकाळ मागितली. एप्रिलमधलं वर्ध्याचं ऊन तुम्हाला काय सांगू? विद्यापीठाच्या साहेबांनी दुपार दिली, सकाळचे तास बुडू नयेत म्हणून. बरोबर आहे. शिक्षण महत्त्वाचं.

त्या दुपारी तुम्हा मुलांना बसवून स्टेडियम भरलं. ताईनं माईकवरून तुम्हाला सांगितलं, सगळ्यांनी एकदम फोन काढा, व्हिडिओ घ्या, टाका. कशाचाही घ्या. नेटवर्कवर ताण यायला हवा होता. आणि ती लॅपटॉप घेऊन पायऱ्या चढत राहिली, खुर्च्यांखाली वाकत राहिली. वरच्या रांगेत तिला चक्कर आली. ती बसली. मग आडवी झाली.

तुमचे फोन हातातच होते.

खालून गार्ड धावले. पायऱ्यांवर तुम्ही उभे होतात, फोन वर धरून. त्यांना वाट मिळेना. दवाखाना इथून किती लांब आहे? तुम्हीच सांगा. डॉक्टर मला म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मी करतो. ती वाचली असती.

आम्हाला फोन आला नाही. व्हिडिओ आला. शेजारच्या मुलीच्या मोबाईलवर, कुठं न अडकता, अगदी स्वच्छ. ताईचा चेहरा ओळखू येत होता. मागं कोणीतरी हसत होतं. एकानं वर गाणं लावलं होतं. आई रडली नाही. बघत राहिली आणि मला म्हणाली, "हे पोट्टे तिले उचलून काऊन नाई राह्यले?"

व्हिडिओ संपला की परत सुरू व्हायचा. आई परत विचारायची.

आत्ता माझ्याआधी साहेब बोलले. त्या दिवशी नेटवर्क एकदाही पडलं नाही, म्हणाले. खरं आहे. ताईचं काम चोख होतं. साहेब, तुमची चाचणी पास झाली. माझी बहीण गेली. आता स्टेडियमला तिच्या नावाची पाटी लावू म्हणता. लावू नका. तिचं नाव वाचायला तुम्हाला त्या पायऱ्या चढाव्या लागतील, आणि तुम्ही त्यांच्यावर पुन्हा वाट अडवून उभे राहाल.

मघाशी बाहेर कोणीतरी माझा हात धरला. म्हणाले, मुलं आहेत, मोठ्या मनानं माफ करा. माझं मन तेवढं मोठं नाही. ताईचं होतं. तिला विचारायला हवं होतं, ती वरच्या रांगेत पडली होती तेव्हा.

आता तिच्यासाठी आपण उभं राहू, शांत राहू. एक विनंती आहे. ज्यांनी त्या दुपारी ताईचा व्हिडिओ घेतला, त्यांनी उठू नये. बसून राहावं. माझी आई इथं समोर बसली आहे. ती मागं वळून एकेकाचा चेहरा बघणार आहे.

प्रज्ञाताई, जय भीम.

उठा.