हवेत आवळलेले बोल्ट

— नाही, नाही, तुम्ही बसा हो जावईबापू, त्या स्टुलावर बसा, कपडे खराब होतील. मला गाडीखाली शिरायची सवय आहे. तुम्ही फक्त तेवढा सतराचा पाना सरकवा — तो नव्हे, त्याच्या शेजारचा — हां. आता काही राहिलं नाहीच म्हणा. चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश बदलले दोन्हीकडचे, बोल्टही आवळले, चाकं लावली की झालं. तुम्ही संध्याकाळी येणार म्हणाला होतात, दुपारीच आलात. बरं केलंत. घर तुमचंच आहे.

हा बघा जुना बुश. नुसत्या बोटाने रबराचा तुकडा पडतो. खड्ड्यातून गेली की खट्‌ वाजायचं ते ह्याचंच — तुम्ही ओळखलं होतंत ना? हो, सांगितलं पोरीने. म्हणजे मला नाही, तिच्या आईला, आणि आईने मला ताटात वाढता वाढता — ‘जावई म्हणाले, बुश गेलेत.’ मी म्हटलं, छान. गेलेत तर गेलेत. पूर्वी ह्या गाडीत काही वाजलं की पोरगी आधी मला फोन करायची हो. फोन खिडकीबाहेर धरायची, ‘बाबा, ऐका, हे कसलं?’ मी हातातला घास खाली ठेवून ऐकायचो. निम्म्या वेळा नुसता वाराच ऐकू यायचा — पण सांगायचो काहीतरी. बरोबरही निघायचं. बहुतेकदा. म्हणजे — जाऊ द्या. आता घरातच जाणकार माणूस आहे, फोन कशाला करेल? करूच नये. मला काय त्याचं, रुसायचं वय आहे का माझं?

बसवले कसे? घरी कुठली आलीय बुश दाबून बसवायची प्रेस. लांब बोल्ट घ्यायचा, जाड वायसर, एका टोकाला पाइपचा तुकडा — नट फिरवत गेलं की जुना बाहेर, नवा आत. नवे आधी फ्रीजरमध्ये ठेवले होते, जरा आकसतात. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, ‘आता बर्फाच्या कप्प्यातही ह्यांचं लोखंड.’ हसू नका, त्यांना चेव येतो. — तुम्हीपण असंच करता? बरं. करत असाल.

काय? — बोल्ट कधी आवळले? आत्ताच, म्हटलं ना. गाडी अशीच होती, टेकूंवर, आर्म लोंबत — आवळायला खाली कशाला घ्यायची? ... ठाऊक आहे हो. मला का ठाऊक नाही? आर्म लोंबत असताना आवळला की गाडी खाली आल्यावर रबर पिळून राहतं, आणि नवा बुश चार दिवसांत फाटतो. आधी वजन चाकांवर, मग शेवटचं आवळणं. एरवी मी तसंच करतो. आज जरा — आज तुम्ही कोपऱ्यावरून येताना दिसलात, म्हटलं, ह्यांच्यासमोर अर्धवट काम नको, झालं म्हणून सांगता यावं. एवढ्याने काही बिघडत नाही. चालते. तिच्यापाशी बोलू नका मात्र.

ही बघा आलीच दारात. — आहे गं, इथेच आहे, खाली. — काय म्हणाली? ‘चाकं लावली की नेऊ ना?’ पाहिलंत? गाडीखाली बाप, आणि विचारते तुम्हाला. सांगा की मग. तुमच्याच तोंडून ऐकायचंय तिला, टाका सांगून —

काय? ‘बाबांना विचार’ काय? तुम्हाला सगळं कळलंय, आणि वर —

नाही गं बाळी. नको नेऊस. झाली नाही अजून. ते बोल्ट सैल करायचेत, गाडी चाकांवर घ्यायचीय, मग पुन्हा आवळायचेत. नाहीतर हे नवे बुशही फाटतील. — चुकलं नाही, राहिलं. — बरं, चुकलं म्हण. जा, आईला चहा टाकायला सांग.

आणि तुम्ही कशाला बाह्या सरसावताय? ठेवा तो जॅकचा दांडा. बसायचं तर आत जाऊन बसा, पंख्याखाली. माझी गाडी आहे — तिची आहे, म्हणजे — मी करतो. नाही, दिवा धरायलाही नको कोणी. जा म्हटलं ना.